अठरा आवाजांची वही

विश्वास ठेवायचा तर कुणावर ठेवायचा, सांगा बघू? गोड बोलतो त्याच्यावर? चार बुकं जास्त शिकलाय त्याच्यावर? की लांब पांढरी दाढी आहे म्हणून? मी सातवी पास. चाळीस वर्षं कलकत्त्यात एस्प्लनेडच्या मागच्या गल्लीत वाद्यांचं दुकान चालवतोय, तेवढ्यात शिकलो ते शिकलो. माझा अनुभव असा, की जो माणूस तोंडावर सांगतो "तुमचा माल मला नको", तो पुढे कधी फसवत नाही. गिऱ्हाईक म्हणून मात्र त्याचा काडीचा उपयोग नसतो!

फादर बोहदान हे असलं गिऱ्हाईक. युक्रेनचे पाद्री. खिदिरपूरच्या गोदीत त्यांच्या देशाचे खलाशी येतात, त्यांची विचारपूस करायला म्हणून तीन वर्षांसाठी त्यांना इकडे पाठवलं होतं. तिकडे लढाई पेटली. तीन वर्षांची किती झाली, ते आता तेही मोजत नाहीत. देवाचं काम आटोपलं की संगीत रचायचं, हा त्यांचा दुसरा उद्योग. दुपारी आमच्या दुकानात येऊन बसतात. ते, मी, आणि आमच्याकडे हार्मोनियम सुरात लावणारे निमाईदा, एवढाच आमचा कंपू. बोलतो हिंदी, इंग्रजी आणि बंगालीची भेळ करून.

दुकानात धूळ आणि किस्से सारखेच साचतात. झटकायला गेलं की खोकला येतो. माझे गुडघे गेले, निमाईदांची नजर गेली, लोक मोबाइलवरच तानपुरा लावून गातात. गिऱ्हाईक नाही म्हणजे वेळच वेळ. बसा, चहा सांगितलाय.

*

पहिल्यांदा आले ते मे महिन्यात, भर दुपारी, पायघोळ काळा झगा घालून. घामानं निथळत होते.

मी मूळचा मिरजेचा. वडिलांनी तंबोरे विकायला कलकत्त्याला पाठवलं, तंबोरे गेले, मी राहिलो. तेव्हा माल खपवणं माझ्या रक्तात. पाद्री बघितला आणि मनात म्हटलं, चर्चसाठी मोठा हार्मोनियम! पंखा त्यांच्याकडे वळवला, चहा मागवला आणि एकामागून एक अकरा हार्मोनियम वाजवून दाखवले. प्रत्येकाला ते डोळे मिटून मान डोलवायचे. "सुंदर! फार सुंदर!"

तासाभरानं विचारलं, "मग कुठला बांधू?"

"एकही नको. आमच्या देवळात वाद्य चालत नाही. देवापुढे फक्त माणसाचा गळा."

"मग तासभर ऐकत कशाला बसलात?"

"तुम्ही इतक्या प्रेमानं वाजवत होता. मध्येच थांबवणं पाप झालं असतं!"

जाताना एक ट्यूनिंग फोर्क घेतला. सुरुवातीचा सूर द्यायला तेवढा लागतो म्हणे. बाकी आजतागायत त्यांनी या दुकानातून काही नेलेलं नाही.

ते गेल्यावर निमाईदा म्हणाले, "दादा, या माणसाला पुन्हा आत घेऊ नका. ह्याचं ऐकून सगळे गळ्यानंच गायला लागले तर आपण खायचं काय?"

*

माझ्या बायकोनं, सुनंदानं, एकदा त्यांना नावाचा अर्थ विचारला. म्हणाले, "देवानं दिलेला."

"अहो, म्हणजे आपला देवदत्त की!" झालं. तेव्हापासून ते आमच्या घरी देवदत्त भावोजी.

भावोजींचा मोठा उपास सुरू झाला. ईस्टरच्या आधी कितीतरी आठवडे चालतो. सुनंदा हरखली. साजूक तुपातली साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट, सोबत दही, असा डबा तिनं दुकानात पाठवला. फादरांनी वास घेतला आणि डबा हळूच बाजूला सरकवला. त्यांच्या उपासाला तूप, दूध, दही काही चालत नाही! पाव चालतो. कांदा चालतो. लसूणसुद्धा चालतो!

संध्याकाळी सुनंदा माझ्यावर घसरली. "पाव खाल्ला तर राहतो आणि दूध प्यायलं तर मोडतो? हा कसला मेला उपास!"

दुसऱ्या दिवशी मी हे जसंच्या तसं फादरांना सांगितलं. ते म्हणाले, "वहिनींना विचारा, एवढं चविष्ट खाल्ल्यावर देवाला कळणार कसं, की उपास आहे?"

दोन दिवस सुनंदा फुगून होती. तिसऱ्या दिवशी डबा आला. तेलातली खिचडी, दही गायब. वर चिठ्ठी: "आता तरी कळेल का त्याला?"

*

फादर काउंटरवर कागद पसरून काहीतरी लिहीत असायचे. एकदा डोकावलो. डाव्या बाजूला एकाखाली एक नावं. मी म्हटलं, "हे काय, मतदारांची यादी?"

"माझं गाणारं मंडळ. माझ्या गावचं. अठरा जण."

बाकीचे रचनाकार म्हणे उंच आवाज, मधला आवाज, खर्जाचा आवाज असं लिहितात. हे माणसांची नावं लिहायचे. हान्नासाठी हे, स्तेपानसाठी ते. ज्याचा गळा जसा, तसं त्याचं गाणं. आणि गावचा रिवाज असा, की प्रत्येकाला फक्त स्वतःच्या गाण्याचा कागद मिळायचा. सगळ्यांचं मिळून एकत्र लिहिलेलं एकच बाड, ते देवळाच्या कपाटात.

"असं का पण?"

"शेजाऱ्याचा कागद दिसला की माणूस शेजाऱ्याचंच गायला लागतो. आमच्याकडे प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याला जास्त गोड दिलंय."

"फादर, आमच्या गावाकडे हे शेताच्या बांधावरून होतं!" मी म्हटलं. खूप हसले.

हसता हसताच त्यांनी सांगितलं, की ते देऊळ जळलं. कपाटही जळलं. गावात आता कुणी राहत नाही. जे वाचले ते पाच-सहा देशांत पांगले, आणि पळताना कागद घ्यायचं कुणाच्या डोक्यात येणार? कप त्यांच्या हातातच होता. चहा गार झाला तरी तो खाली ठेवायचं त्यांना सुचलं नाही.

बाडात मुख्य होती मयताची प्रार्थना. गावातलं कुणी गेलं की तिसऱ्या दिवशी, नवव्या दिवशी, चाळिसाव्या दिवशी सगळ्यांनी मिळून म्हणायची. वीस वर्षं गावानं तीच म्हटली. आता माणसं जात होती रोज, आणि नेमकी तीच उरली नव्हती. लोक फोन करून विचारायचे, "फादर, आम्ही आता काय म्हणायचं?"

मी आपला व्यापारी माणूस. म्हटलं, "तुम्हीच रचलंय ना? मग पुन्हा लिहून काढा, हाय काय नि नाय काय!"

"भाऊ, मी कपडे शिवले होते. वीस वर्षं अंगावर वापरून त्यांनी ते आपल्या मापाचे करून घेतले. मला कापड आठवतं. माप त्यांच्याकडे आहे."

निमाईदा हार्मोनियमची पितळी पट्टी घासत होते. ते घासायचे थांबले.

*

मग सुरू झाले फोन. आपल्याकडे जेवणाची वेळ होते तेव्हा तिकडे सकाळ असते. फोन काउंटरवर ठेवायचा, स्पीकर लावायचा. तिकडून एकेकानं पाठ असलेलं स्वतःचं गाणं म्हणायचं, इकडे फादरांनी उतरवून घ्यायचं. फादरांचे कागद नेहमी कपांखाली सापडतात, म्हणून हजेरीची वही माझ्याकडे. देवनागरीत अठरा नावं लिहिली. ज्याचं गाणं आलं, त्याच्यापुढे बरोबरची खूण.

शाळेत शिकवणारी हान्ना आता दुसऱ्या देशात लोणच्याच्या कारखान्यात बरण्या भरते. चहाच्या सुट्टीत बाथरूममध्ये जाऊन गायली. मधूनमधून कुणीतरी दार ठोठावत होतं. ती न थांबता तसंच संपवून म्हणाली, "फादर, आता जाते, रांग लागलीय!"

सगळ्यात गंमत त्या जुळ्या बहिणींची. दोघींना मिळून एकच गाणं, एकच कागद. एका बोकडावरून भांडण होऊन अकरा वर्षं अबोला. मंडळात शेजारी उभ्या राहायच्या, पण तोंडं दोन दिशांना! लढाईत एक पश्चिमेला गेली, दुसरी उत्तरेला. दोघींनी वेगवेगळे फोन केले, दोघी वेगवेगळं गायल्या, आणि दोघींनी शेवटी सांगितलं, "तिचा फोन आलाच तर तिचं ऐकू नका, ती पहिल्यापासून चुकते."

फादरांनी एक दिवस दोघींना न सांगता एकाच कॉलवर घेतलं. "म्हणा."

दोघी सुरू झाल्या. चार ओळी झाल्या आणि एक थबकली. आम्हाला भाषा कळत नाही, फादरांनी मागाहून सांगितलं. ती म्हणाली, "ही पुन्हा चुकली! ही तर..." मग म्हणाली, "ती जिवंत आहे?"

त्यानंतर जो गोंधळ झाला तो पाऊण तास चालला. दोघी एकाच वेळी ओरडत होत्या. गिटारच्या तारा घ्यायला आलेलं गिऱ्हाईक घाबरून निघून गेलं. फादर गालावर हात ठेवून ऐकत होते.

निमाईदांनी विचारलं, "काय बोलतायत एवढं?"

"बोकडाबद्दल."

"मग तुम्ही रडताय कशाला?"

*

निमाईदांचा कान म्हणजे दैवी देणगी. दिसत काही नाही, पण गल्लीच्या टोकाला ट्रामची घंटा वाजली तर सांगतील, कुठला सूर आणि किती उतरलेला.

एकदा कुणी पेत्रो नावाचा फोनवर गात होता. निमाईदा लगेच, "हा अर्धी पट्टी खाली आहे."

फादर म्हणाले, "तो तळघरात आहे. वर विमानं आलीत."

"तळघरात गेलं म्हणून काय सूर उतरतो?"

"उतरतो," फादर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पेत्रोनं स्वतःहून पुन्हा फोन केला. अंगणातून. निमाईदा ऐकत राहिले. मग फक्त म्हणाले, "आज बरोबर आहे," आणि हातातला हार्मोनियम बंद करून ठेवला.

*

सतरा नावांपुढे खुणा झाल्या. आता हे एकत्र कसं लागतं, ते ऐकायला गाणारी माणसं हवीत. खालच्या आवाजाला गोदीतले खलाशी मिळाले. वरच्या आवाजाला कोण? मी म्हटलं, आमचं डमडमचं भजनी मंडळ आहे की! बँकांत, सरकारी खात्यांत बदलीवर आलेल्यांच्या घरच्या सात बायका. पुढारी जोगळेकर वहिनी.

फादरांनी पहिल्याच दिवशी समजावलं, "इथे 'होस्पोदी पोमिलुय' असं चाळीस वेळा म्हणायचं. म्हणजे देवा, दया कर."

"चाळीसच?" जोगळेकर वहिनी म्हणाल्या. "आमच्यात एकशे आठ असतात. तुमचा देव लवकर ऐकतो की काय?"

फादर म्हणाले, "नाही वहिनी. पण आम्ही लवकर दमतो."

खरी पंचाईत टाळांची. वाद्य चालत नाही म्हटल्यावर बायकांनी टाळ पिशवीत घातले, आणि गळेच फुटेनात! "हात रिकामे असले की आवाज निघत नाही हो फादर, सवय नाही!" तीन रविवार असेच गेले. शेवटी फादरांनी तोडगा काढला. टाळ हातात धरायचे, पण दोन टाळांमध्ये रुमाल बांधायचा. सात बायका मुके टाळ हलवत युक्रेनच्या मयताची प्रार्थना म्हणतायत आणि मागे सहा दांडगे खलाशी तोंडावर हात धरून हसू दाबतायत, हे मी या डोळ्यांनी बघितलंय!

सगळं बसत आलं आणि जोगळेकरांची नागपूरला बदली झाली. वहिनी निरोप घ्यायला दुकानात आल्या, डोळे पुसत. "भाऊ, एवढं पाठ केलं, आता नागपुरात मी हे कुणापुढे म्हणू?"

मला वाटलं फादर हताश होतील. ते म्हणाले, "भांडी घासताना म्हणा. चला, प्रार्थना आणखी एका गावात पोचली!"

*

राहिला मिकोला. खर्जाचा आवाज. गावात ट्रॅक्टर चालवायचा. लढायला गेला आणि त्यानंतर ना फोन, ना निरोप. फादर रोज दुपारी पहिला नंबर त्याचा लावायचे. तिकडून एक बाई रेकॉर्ड केलेलं काहीतरी सांगायची. ते ऐकून ऐकून निमाईदांना पाठ झालंय. अर्थ माहीत नाही, पण सूर बरोबर!

प्रार्थनेत एके ठिकाणी सगळे थांबतात आणि एकटा मिकोला गातो. मी म्हटलं, "तेवढं तुमच्या आठवणीतलं घाला. नाहीतर एखाद्या खलाशाला द्या."

"ते त्याचं आहे," फादर म्हणाले.

सियालदह स्टेशनजवळच्या एका हॉलमध्ये रविवारी सकाळी कार्यक्रम केला. साठेक माणसं आली. प्रार्थना त्या जागी आली, सगळे थांबले. फादरांचा हात वर. हॉलमध्ये पंख्यांचा तेवढा आवाज. लोकांना वाटलं, संपलं! टाळ्या सुरू झाल्या. दोघे-तिघे गाडी गाठायची म्हणून उठलेही. फादरांचा हात तसाच वर. हळूहळू टाळ्या विरल्या, उठलेले खाली बसले. मिकोलाला लागला असता तेवढा वेळ पुरा झाल्यावर हात खाली आला आणि बायकांनी पुढचं उचललं.

बाहेर चहाच्या वेळी एक भद्र गृहस्थ प्रेमानं फादरांना म्हणाले, "अपूर्व! फक्त मध्ये एकदा तुम्ही विसरलात वाटतं."

"हो," फादर म्हणाले. "विसरण्याइतका वेळ झालाय खरा."

त्या दिवसानंतर आठ दिवस ते दुकानात फिरकले नाहीत. आले तेव्हा झगा तोच, पण आतला माणूस कमी झाल्यासारखा. म्हणाले, "भाऊ, सतरांवर वही बंद करा. लोकांना पाठवून देऊ. अर्धवट का होईना, म्हणायला काहीतरी होईल."

मी वही बंद केली नाही. गुडघे दुखत होते, उठून फडताळापर्यंत जायचा कंटाळा केला.

*

आता हा शेवटचा किस्सा. मंगळवार होता. फादरांचा फोन वाजला, अनोळखी नंबर. पलीकडे मुलीचा आवाज. तिचं बोलणं फादर आम्हाला सांगत गेले. ओलेना, मिकोलाची मुलगी. परक्या देशात बेकरीत काम करते. कुणाकडून तरी तिला कळलं होतं, की बापाचं गाणं तेवढं राहिलंय.

फादरांचा चेहरा पडला. मला हळूच म्हणाले, "ही दहा वर्षांची असताना मंडळात घ्या म्हणून आली होती. मीच परत पाठवली. गळा नाही म्हणालो."

ओलेना म्हणाली, "फादर, गळा अजूनही नाहीये. पण बाबांचं मला येतं. ते गोठ्यात म्हणायचे, धारा काढताना. रोज. दार उघडं असायचं."

आणि ती म्हणायला लागली. बारीक, कापरा आवाज. बापाचं खर्जातलं, ही कितीतरी वरून. सूर इकडेतिकडे होत होता. मी निमाईदांकडे बघितलं. चुकीच्या सुरानं त्यांचे दात आंबतात. ते शांत बसले होते, दोन्ही हात मांडीवर.

मध्येच, शब्द अर्धा असताना, तिनं श्वास घेतला.

फादरांनी काउंटरवर मूठ आपटली. "तिथेच! बरोब्बर तिथेच! वीस वर्षं ओरडतोय मी त्याला, शब्द तोडून श्वास घेऊ नकोस!"

फोनमधून हसण्याचा आवाज आला. "बाबा म्हणायचे, फादरांना काय जातंय सांगायला! त्यांनी दिवसभर ट्रॅक्टर चालवून मग गाऊन दाखवावं!"

फादरांनी पेन उचललं आणि स्वच्छ प्रतीत, त्या शब्दाच्या मधोमध, श्वासाची खूण केली. मग इतके दिवस जे कुणाला विचारलं नव्हतं ते तिला विचारलं, बाबा आहेत का.

"माहीत नाही, फादर," ती म्हणाली. "सैन्याकडून कागद काहीच आलेला नाही. हो म्हणूनही नाही, नाही म्हणूनही नाही." आणि तिला भट्टीकडे बोलावलं म्हणून तिनं फोन ठेवला.

मी वही उघडली. अठरावं नाव, मिकोला. पेनाचं टोपण काढलं. "फादर, खूण करू ना?"

ते आपले कागद गोळा करायला लागले.

"का हिचं नाव खाली वेगळं घालू? मग एकोणीस होतात. आणि ह्याच्यापुढे रिकामंच ठेवलं, तर तो आला नाही असं होतं."

निमाईदा म्हणाले, "दादा, आवाज मुलीचा होता. श्वास बापाचा."

फादर उठले. खिदिरपूरला जहाज लागलं होतं, खलाशी वाट बघत होते. टोपी घातली, दारापर्यंत गेले आणि म्हणाले, "भाऊ, वही तुमच्याकडे आहे. जे ऐकलंत ते लिहा."

आणि बस पकडायला गेले.

ही ती वही. हे पेन. मी आज किती दिवस टोपण काढतो आणि लावतो. आता तुम्हीही सगळं ऐकलंत, माझ्याइतकंच. घ्या, तुम्हीच लिहा. घाई नाही, चहा घेऊन लिहा. फक्त एवढी विनंती आहे, हिशेब खरा ठेवा.